पहिल्या वादळातल्या दोघी

आन्स-नोआर गावावर आजवर दोन वादळं आली. ग्रोस-रोशवर चार. दोन्ही गावं डॉमिनिका बेटाच्या उत्तरेला, एक डोंगराच्या मावळतीला, दुसरं उगवतीला. बेट एवढंसं, की दोन टोकांना दोन माणसांना सर्दी झाली तर साथ जाहीर करावी लागते. त्यात एका गावावर वादळ चारदा येतं आणि दुसऱ्यावर दोनदाच, हे भूगोलाच्या पुस्तकात बसत नव्हतं. थिओफिल लारोंद मास्तर गेली पंचवीस वर्षं भूगोलच शिकवत होते, पण हा घोटाळा त्यांच्या ध्यानात आला तो यंदा.

त्यांनी वर्गाला विचारलं होतं, आपल्या किनाऱ्यावर वादळ साधारण किती वर्षांनी येतं? आन्स-नोआरची पोरं म्हणाली, पन्नासेक वर्षांनी. ग्रोस-रोशची म्हणाली, वीस-पंचवीस. दोन्हीकडच्या पोरांनी उत्तर घरून विचारून आणलं होतं, त्यामुळे ते चूक ठरवायची सोय नव्हती. चूक ठरवलं, की दुसऱ्या दिवशी त्या पोराची आजी शाळेत येते.

मोजायची रीत दोन्ही गावांत एकच होती. चर्चचं छप्पर उडालं तर वादळ, राहिलं तर नुसता वारा. आदल्याच वर्षी एरिका नावाचं वादळ येऊन गेलं. त्याने नदी गावात आणली, पूल नेला, काठची घरं नेली. चर्चचं छप्पर मात्र जागेवर राहिलं, म्हणून एरिकाला पाऊस म्हणायचं ठरलं. पूल अजून झालेला नाही. पण वादळच झालेलं नसल्यामुळे त्याबद्दल कोणाला फार बोलताही येत नाही.

मास्तरांना हे कोडं नुसतं कोडं म्हणून आवडलं असतं, पण त्यात त्यांची आजी अडकलेली होती.

आजी, म्हणजे मा सेलेस्तीन, आन्स-नोआरमध्ये पहिल्या वादळात जन्मली. डोंगरापलीकडे ग्रोस-रोशमध्ये मा बर्टिल राहायची, तीही पहिल्या वादळात जन्मलेली. दोघींचा बाप एक, पापा ओनेझिम. आया दोन. इथवर बेटावरच्या कोणाला काही विशेष वाटलं नसतं. विशेष होतं ते पुढे. दोघी एकाच वादळात जन्मल्या म्हणजे एकाच दिवशी जन्मल्या, आणि एकाच दिवशी दोन्हीकडे बाप हजर होता, हे दोन्ही गावं छातीवर हात ठेवून सांगायची. तो कसा हजर होता? तर वादळाचा डोळा बेटावर आला, घटकाभर वारा थांबला, आणि तेवढ्यात पापा ओनेझिमने होडी समुद्रात लोटली, उत्तरेच्या भूशिराला वळसा घालून वल्हवत दुसऱ्या गावाला पोचला आणि दुसऱ्या लेकीला हातात घेतलं. या गोष्टीवर फादरांची प्रवचनं झाली होती. जिंग-पिंगवाल्या वादकांनी अकॉर्डियनवर तिचं गाणं बसवलं होतं. वाद फक्त एका मुद्द्याचा होता, तो वल्हवत इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला. म्हणजेच सकाळी कोण जन्मली आणि दुपारी कोण.

हा मुद्दा बारीक वाटेल, पण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं, फाटकाबाहेरून हाक मारायची आणि आशीर्वाद घ्यायचा, ही रीत आहे. मा सेलेस्तीन दर वर्षी लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत करून, धुतलेला पडदा लावून बर्टिलची वाट पाहायची. डोंगरापलीकडे मा बर्टिलही तेच करायची. संध्याकाळी दोन्हीकडचं सरबत शेजारीपाजारी वाटून संपवलं जाई. दोघींनी एकमेकींना एकदाच पाहिलं होतं, बापाच्या दफनाला, खड्ड्याच्या अल्याडपल्याडहून. तेव्हाही आधी कोणी बोलायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

आता २०१६ साल उजाडलं. ग्रोस-रोशच्या लोकांनी पुस्तकात पाहून शोध लावला, की आपल्याकडचं पहिलं वादळ १९१६च्या ऑगस्टमधलं. म्हणजे मा बर्टिल या ऑगस्टमध्ये शंभरीची. शंभरी भरलेल्यांच्या घरी राष्ट्राध्यक्ष केक घेऊन येतात. मग आन्स-नोआरनेही हात वर केला, आमचीही त्याच दिवसाची आहे. वरून विचारणा आली, की साहेब आधी कुठे येतील? थोरली कोण ते कळवा. कळवायचं काम गावाने एकमताने मास्तरांवर ढकललं. दरम्यान आन्स-नोआरच्या रस्त्यावर, जो पुलाशी जाऊन थांबतो, त्यावर थेट पुलापर्यंत डांबर पडलं.

मा सेलेस्तीनला केकाचं काही पडलेलं नव्हतं. तिला गोड चालत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी, माणसाने शंभरीच्या जवळ आल्यावर उगाच हिंडू नये असं म्हणून तिने खाट धरली होती, आणि अलीकडे जेवणही टाकत आणलं होतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ते म्हणाले, वय. मास्तर सूप घेऊन बसले की ती भिंतीकडे तोंड करायची.

"थिओ, मला तिचं तोंड एकदा बघायचंय," एके दिवशी ती भिंतीशीच बोलली.

"मग जाऊ या ना, ग्रॅनी. व्हॅन आहे."

"मी का जाऊ? थोरली मी. तिने यायचं. एवढी अक्कल नसेल तिच्या आईने दिली, तर राहिलं. मी अशीच जाईन."

मास्तरांनी ओळखलं, की ती खरंच जाईल. हट्टाने जगणारी माणसं हट्टाने मरूही शकतात. म्हणजे साहेबांसाठी नव्हे, आजीसाठी हा निकाल लावायला हवा होता, आणि तो ऑगस्टच्या आत.

आधी त्यांनी सरळ मार्गाने वेळ शोधून पाहिली. आन्स-नोआरच्या म्हाताऱ्यांना त्या दिवशीची एकेक गोष्ट पाठ होती. छपराचे पत्रे कसे पत्त्यांसारखे उडत होते, रेडिओवर आधी कशी सूचना आली, नंतर हेलिकॉप्टरमधून पिठाची पोती कशी टाकली. मास्तरांनी नम्रपणे विचारलं, की त्या काळी रेडिओ होता का? म्हातारे विचारात पडले. एकजण म्हणाला, आमच्याकडे नव्हता, शेजाऱ्यांकडे असेल. पत्रे, रेडिओ आणि हेलिकॉप्टर हे १९७९च्या डेव्हिडमधलं होतं, हे मास्तरांना कळत होतं. तेव्हा ते स्वतः शाळकरी होते आणि त्यांनीच एक पोतं ओढलं होतं. गावाच्या आठवणीत वादळ एकच होतं. ते अधूनमधून येऊन आपला तपशील बदलून जायचं, इतकंच.

उत्तर सापडलं ते एका रविवारी, आणि त्याचं श्रेय फादरांच्या लांबलेल्या प्रवचनाला आहे. मास्तर उकाड्याने बाहेर येऊन दाराशी उभे राहिले. वर पाहिलं, तर दाराच्या कमानीतल्या दगडावर साल कोरलेलं होतं, १९२२. तो दगड त्यांनी बाप्तिस्म्यापासून पाहिला होता. पण माणूस रोजच्या दगडावर साल कशाला वाचतो? त्या दिवशी वाचलं, आणि मग आत चाललेलं प्रवचन त्यांना ऐकू येईनासं झालं.

ज्या चर्चचं छप्पर गेल्याने पहिलं वादळ धरलं, ते चर्चच १९२२चं. मग ते छप्पर १९१६ साली उडालं कसं?

त्यांनी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या ग्रेगवारला विचारलं, बावीसच्या आधी इथे काय होतं? ग्रेगवार म्हणाला, काही नाही, विलायती फणसाचं झाड होतं, त्याखाली मिस्सा व्हायची. मग सोळा साली वादळात काय उडालं? ग्रेगवारने खूप विचार केला. "तेव्हा वादळ कसं येईल, मास्तर? उडवायला काही नको का?"

म्हाताऱ्याने चेष्टा केलेली नव्हती.

म्हणजे गोष्ट अशी होती. सोळा साली वादळ दोन्ही गावांवरून गेलं. पण आन्स-नोआरला चर्च नव्हतं म्हणून तिथे ते आलंच नाही. अठ्ठावीसच्या वादळात डोंगर आडवा आला आणि इकडचं छप्पर वाचलं. तीसच्या वादळाने मात्र दोन्हीकडची छपरं नेली. ग्रोस-रोशचं ते तिसरं, आन्स-नोआरचं पहिलं. दोन्ही गावं शंभर वर्षं 'पहिलं वादळ' म्हणत होती आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला साल विचारावंसं वाटलं नव्हतं. पहिलं म्हणजे पहिलं. त्यात विचारायचं काय?

मास्तर चर्चच्या पायरीवर बसले. मनात हिशेब आपोआप लागत गेला. आजीच्या लेकीचा, म्हणजे मास्तरांच्या आईचा जन्म पन्नास सालचा. आजी सोळा सालची धरली तर पहिलं मूल चौतिसाव्या वर्षी. घरातल्या सगळ्या बायकांना विशीतच पोरं झाली, म्हणून आजीला अख्खं गाव 'उशिरा फळलेलं झाड' म्हणायचं आणि त्यावर नवस बोलायचं. झाड वेळेवरच फळलेलं होतं. आजी शहाऐंशीची होती, आणि चौदा वर्षांनी धाकटी.

आणि एका दिवसात दोन गावं गाठणारा बाप? मास्तरांना जरा वाईट वाटलं. चौदा वर्षांत वल्हवत कोणीही पोचेल.

पण खात्री करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ते व्हॅन धरून ग्रोस-रोशला गेले. मा बर्टिल ओट्यावर कोकोच्या वड्या वळत बसली होती. अंगाने काटकी, डोळे टक्क. तिने मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि बसायला सांगितलं नाही.

"सेलेस्तीनचा नातू ना तू? कान त्याचेच घेतलेस." म्हणजे बापाचे. "सकाळी. लिहून घे आणि जा."

मास्तर म्हणाले, वेळ विचारायला आलो नाही. "मा बर्टिल, तिसऱ्या वादळात तुम्ही केवढ्या होतात?"

तिचे हात थांबले. हातातली वडी तिने ताटात ठेवली, बोटं फडक्याला पुसली, मग स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बस. शंभर वर्षं लावलीत तुम्ही लोकांनी हे विचारायला."

मग तिने सांगितलं ते असं. तेव्हा ती चौदाची होती. सकाळपासून समुद्राचा रंग बिघडला होता. पापाने होडी वर ओढली, तिच्यात दगड भरले, माडाला बांधली. खिडक्यांना फळ्या ठोकल्या. शेळ्या घरात घेतल्या. आई म्हणाली, आता तूही आत ये. तर त्याने कोयता उचलला. कुठे, म्हणून आईने विचारलं. तो म्हणाला, पलीकडे, तिचे दिवस भरलेत. वारा तेव्हाच माणसाला ढकलत होता. तो डोंगराच्या वाटेला लागला आणि दिसेनासा झाला. रात्री आधी स्वयंपाकघर गेलं, मग छप्पर. आई, ती आणि दोन शेळ्या टेबलाखाली होत्या. पापा परत आला तोवर शेजाऱ्यांनी कूदमें करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून हात लावून, नवं छप्पर चढवलेलंही होतं.

"मग होडी?" मास्तरांनी विचारलं. "वळसा घालून वल्हवत गेला, ते?"

"दगडांनी भरलेल्या होडीतून? चालत गेला तो. होडीची गोष्ट तुमच्या फादरांची. त्यांना समुद्र आवडायचा."

मास्तर म्हणाले, हे एवढं ठाऊक होतं तर तुम्ही बोलला का नाहीत? थोरल्या तुम्हीच, याचा निकाल कधीच लागला असता. मा बर्टिल म्हणाली, की लहानपणी एकदा बोलले होते. फादर म्हणाले, मुली, बापाबद्दल असं बोलू नये. पुढे कोणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, सकाळी की दुपारी. तिने पुन्हा वडी हातात घेतली आणि वळू लागली, पण ती आधीच वळून झालेली होती.

"आणि तुमची ती गोष्ट वाईट नाही, मास्तर," ती म्हणाली. "तुमच्या गोष्टीत तो माझ्याकडेही येतो."

परतीच्या व्हॅनमध्ये मास्तरांना खिडकीची जागा मिळाली होती, पण त्यांना समुद्र दिसला नाही. थोरली कोण ते कळलं होतं. आता सांगायचं किती, हा प्रश्न होता. त्यांनी ठरवलं, वय सांगायचं आणि थांबायचं. भूगोलाच्या मास्तराने साल सांगावं. कोण कोणाला टाकून गेलं, हा विषय भूगोलात येत नाही.

घरी येऊन त्यांनी आजीच्या खाटेशी बसून चर्चचा दगड, सोळा, अठ्ठावीस, तीस असं सगळं समजावून सांगितलं. मा सेलेस्तीन भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने कूस बदलली.

"म्हणजे मी धाकटी?"

"हो."

"किती वर्षांची?"

"शहाऐंशी."

ती आता रडेल, असं मास्तरांना वाटलं. शंभरी गेली, साहेब गेले, थोरलेपण गेलं. एवढं सगळं एका दुपारी कोणाचं जात नाही.

"शहाऐंशी," ती म्हणाली. "मग पाच वर्षं मी कशाला पडलेय इथे? कोणी सांगायचं तरी." आणि तिने पाय खाटेवरून खाली सोडून चपला चाचपल्या. सूप गार झालं होतं. तसंच प्यायली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

गाव मात्र एवढ्या सहजी धाकटं व्हायला तयार नव्हतं. ग्रामपरिषदेचे अध्यक्ष घरी आले. त्यांचं म्हणणं होतं, की विज्ञान आपल्या जागी ठीक आहे, पण ते केक कापून झाल्यावर जाहीर केलं तर विज्ञानाचं काही बिघडणार आहे का? मा सेलेस्तीन तेव्हा आरशासमोर डोक्याला मद्रासी रुमाल बांधत होती. तिने त्यांना विचारलं, की डांबर उखडून परत मागतात का? अध्यक्ष म्हणाले, तसा नियम तरी ऐकिवात नाही. मग बसा, ती म्हणाली, आणि त्यांना गाठ धरायला लावली.

नव्या वर्षाला अजून पाच महिने होते. मा सेलेस्तीन म्हणाली, बरीच नवी वर्षं साचलीत, आता दिवस कसला बघायचा? नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन ती व्हॅनमध्ये पुढच्या जागेवर बसली आणि वाटभर ड्रायव्हरला वळणं कशी घ्यायची ते सांगत राहिली. या रस्त्याने ती आयुष्यात एकदाच गेली होती, दफनाला.

मा बर्टिलच्या फाटकाशी आल्यावर मास्तरांनी कडी काढायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. धाकट्याने कडी काढायची नसते. ती डबा छातीशी धरून उभी राहिली. ओट्यावर मा बर्टिल होती. दोघींमध्ये कोंबड्या फिरत होत्या.

"ग्रांसे," मा सेलेस्तीनने हाक मारली. थोरल्या बहिणीला मारायची हाक. मग तिने ती पुन्हा, मोठ्याने मारली. "ग्रांसे, मी आलेय."

मा बर्टिल उठली. उठायला तिला वेळ लागला. ओट्याच्या खांबाला धरून ती म्हणाली, "ये. उन्हात उभी राहू नकोस, लहान आहेस का?" मग तिलाच ते कसंसं वाटलं असावं. "म्हणजे, आहेस. ये."

दोघी शेजारी शेजारी बसल्या. वडी दिली, घेतली, खाल्ली. मा सेलेस्तीननेही खाल्ली, तिला चालत नसताना. नारळ जून होता यावर एकमत झालं. मास्तर पायरीवर बसून वाट बघत होते. कशाची, ते त्यांना सांगता आलं नसतं. मा बर्टिलने एकदा त्यांच्याकडे बघून घेतलं. किती बोललास, असं ते बघणं होतं. त्यांनी मान हलवून सांगितलं, बापाबद्दल काही नाही.

तेव्हा मा सेलेस्तीन म्हणाली, "तो तुमच्याकडूनच आला होता. मला ठाऊक होतं."

मास्तरांनी मान वळवली. हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आन्स-नोआरमध्ये तर कोणीच ऐकलं नव्हतं. मा सेलेस्तीन कोंबड्यांकडे बघत बोलत होती. तिच्या आईने हे मरताना सांगितलं होतं, आणि तिने आजवर पोटात ठेवलं होतं. कारण त्या रात्री आल्या आल्या बाप जे वाक्य बोलला, त्यावरून तो कुठल्या बाजूने आला ते कोणालाही कळलं असतं आणि थोरलेपण तिथेच संपलं असतं. पण कारण तेवढंच नव्हतं. आईला त्या वाक्याचा राग होता आणि तिलाही होता.

"रात्री आला. अंगावर चिखल, हात काट्यांनी फाटलेले," ती म्हणाली. "मी झालेच होते. सुईणीने मला त्याच्यापुढे धरलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ग्रांसे. डोंगराकडची खिडकी होती तिथे जाऊन उभा राहिला, आणि पहिलं काय विचारलं, तर 'पलीकडचा वारा पडला का?' घरात सगळ्या बायका. त्यांना काय ठाऊक पलीकडचं? तर पुन्हा तेच. रात्रभर तेच विचारत होता म्हणे."

मा बर्टिलचा हात डब्याच्या झाकणावर होता. ते झाकण ती लावायचा प्रयत्न करत होती आणि ते बसत नव्हतं. मास्तर उठू लागले, पण मा सेलेस्तीनने त्यांच्या आधीच हात पुढे केला आणि झाकण दाबून बसवलं. तिचा हात तिथेच राहिला.

"नव्हता," मा बर्टिल म्हणाली. "उजाडेपर्यंत नव्हता पडला."